उरलेलं परत

शाळेत तिला सगळे कुलूपबाई म्हणत. समोर ‘बाई’ आणि पाठ वळली की कुलूपबाई. ती शाळेची कारकून. ऑफिसच्या कोपऱ्यात तिचं टेबल, टेबलामागे लोखंडी कपाट आणि कपाटाची किल्ली कमरेला. खडू, कागद, बल्ब, फिनेल, झाडू, सगळं त्या कपाटात. कुणी खडूची पेटी मागायला आलं की ती दोन खडू काढून देई, तेही आधीच्यांचे तुकडे दाखवल्यावर. एका मास्तरांनी चिडून विचारलं होतं, “बाई, शाई हवी असेल तर रक्ताचा नमुना आणू का?”

“नको. रिकामी बाटली आणा,” ती मान वर न करता म्हणाली.

तिच्या मनात कुणाविषयी वाकडं नव्हतं. तिचे वडील धान्याच्या सरकारी गोदामात मापारी होते. संध्याकाळी घरी निघताना ते गोदामाच्या दारात उभे राहून बाह्या उलट्या करून झटकायचे, विजारीच्या घडीत बोट फिरवायचे, एखादा दाणा अडकला असेल तर तिथेच पडावा म्हणून. आई म्हणायची, “उद्यापासून चपलाही तिकडेच ठेवून या, सरकारची धूळ येते घरात.” अशा घरात ती वाढली होती. सकाळी देवापुढे हात जोडले की ती नोकरी, प्रकृती, पैसा यातलं काही मागत नसे. ‘कुणाचं काही माझ्याकडे राहू देऊ नकोस,’ एवढंच म्हणायची आणि डबा भरून शाळेला निघायची.

शाळांना वर्षाच्या खर्चाचे पैसे जिल्ह्याच्या कचेरीतून येत. वर्ष संपेपर्यंत जे खर्च होणार नाहीत ते परत करायचे, असा नियम. त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात साऱ्या शाळांना घाई सुटायची. पैसे परत करणं म्हणजे नाक कापून घेणं, असं कारकून मंडळींचं मत. पुलापलीकडच्या शाळेचा कारकून तर या कामात उस्ताद. एका वर्षअखेरीला काहीच सुचेना तेव्हा त्याने ऑफिसात लाल गालिचा घातला. तेव्हापासून त्याचं नाव गालिचा पडलं आणि त्याला ते आवडायचं. पुढच्या वर्षी त्याने प्रत्येक खोलीत घड्याळ लावलं, जिन्याखालच्या झाडूच्या खोलीतसुद्धा.

“तिथे कशाला हो?” कुणी विचारलं.

“झाडूला वेळेचं भान नको?” तो म्हणाला.

कुलूपबाईच्या शाळेतून मात्र दरवर्षी पैसे परत जायचे. ती स्वतः बसने कचेरीत जाऊन ते भरून यायची, आणि येताना तिला हलकं वाटायचं. कचेरीच्या रांगेत गालिचा भेटला की तिची फिरकी घेई. “बाई, जेवायला बसवलं आणि अर्धं ताट परत पाठवलं, तर पुढल्या खेपेला अर्धंच वाढतात.”

“पोट भरल्यावर माणसानं उठावं,” ती म्हणे.

“तुमचं भरलं हो. शाळेचं विचारलंत का?”

ती हसून सोडून द्यायची. मागे एक म्हातारे लेखाधिकारी होते, त्यांनी भरसभेत तिला उभं केलं होतं आणि साऱ्या जिल्ह्याकडून तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. त्या टाळ्या तिच्या कानात अजून होत्या. तिचा एक हिशेब मनाशी पक्का होता. आपण कधी तोंड उघडत नाही. ज्या दिवशी उघडू, त्या दिवशी कुणी नाही म्हणणार नाही. रोज दारात उभं राहणाऱ्याला लोक हाकलतात. कधीच न आलेल्याला आत बोलावून विचारतात, काय हवं.

हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नाहीतर तिच्या नणंदेने तिथल्या तिथे तिची खिल्ली उडवली असती.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. ती तिला वन्सं म्हणायची. वन्संचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. त्या याच शाळेत पहिलीच्या वर्गावर शिकवत. नोकरी कंत्राटी, दरवर्षी नव्याने कागद व्हायचा. वर्ग आहे तोवर वन्सं आहेत, असं ते साधं गणित. वन्संच्या वर्गात मुलं रडत यायची आणि आठवड्याभरात सुट्टीच्या दिवशी घरी रडायची, शाळा का नाही म्हणून. आवाज मोठा, हात सैल, पण पाठीवर पडायचा तो शाबासकीचाच.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायच्या, तेव्हा शाळा पुन्हा भरायची.

“वहिनी, रंगाच्या पेट्या हव्यात.”

“मागच्या वर्षीच्या आहेत ना?”

“त्यात आता नुसता काळा उरलाय. पोरं सूर्यसुद्धा काळा काढतात. इन्स्पेक्टर आला तर म्हणेल, या वर्गाला ग्रहण लागलंय.”

“बघते.”

“तुमचं ‘बघते’ मी गेली कित्येक वर्षं बघतेय.” आणि दुसऱ्या दिवशी वन्सं स्वतःच्या पगारातून रंग घेऊन जायच्या. चटया, गोष्टींची पुस्तकं, थंडीत खिडकीच्या फुटक्या काचेला लावायचा पुठ्ठा, सगळं तसंच. आत नवरा पेपराआडून म्हणायचा, “ताई, तुला पगार मिळतो की तू शाळेला देतेस?” कुलूपबाईला हे ऐकू यायचं. पण शाळेचं भागतंय ना, मग कपाटातलं कशाला काढा, असं तिला वाटे. वन्संच्या पैशांवर शाळा भागतेय आणि तिच्या हातचे पैसे परत चाललेत, ही गोष्ट तिने अशी शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलीच नव्हती.

मग मधल्या सुट्टीत पहिलीच्या वर्गाचं छत पडलं. सगळं नव्हे. फळ्याच्या वरचा गिलावा धप्पकन खाली आला आणि मागची वाशांची कुजकी टोकं उघडी पडली. मुलं मैदानात होती. देवाचीच कृपा. पण वन्संच्या खुर्चीवर गिलाव्याचा परातीएवढा ढलपा पडला होता आणि खुर्चीचा एक हात मोडून बाजूला लोळत होता. वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. “बघा, शेवटी खुर्ची बदलून मिळणार मला,” त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

इंजिनिअर आला. त्याने काठीने चार जागी ठोकलं आणि सांगितलं, वासे नि वरचे पत्रे दोन्ही बदलल्याशिवाय इथे मुलं बसवायची नाहीत. पहिलीचा वर्ग व्हरांड्यात आला. एकीकडून मैदानाचा गलका, दुसरीकडून नळावरची भांडणं. वन्संचा घसा आठ दिवसांत बसला.

कुलूपबाई मात्र आतून शांत होती. तोंड उघडायचा दिवस आला होता. तिने स्वतः अर्ज लिहिला, हेडसरांची सही घेतली. हेडसर मऊ माणूस, निवृत्तीला टेकलेले, समोर येईल त्यावर सही करायचे आणि वर विचारायचे, “कशावर केली हो बाई?” तिने चांगली साडी नेसली आणि कचेरीत गेली.

लेखाधिकारी आता नवे होते. तरुण, नम्र. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“बाई, यंदा वरून पैसेच कमी आलेत. पगार भागवतानाच दमछाक होतेय. दुरुस्तीला थोडं आहे, ते शाळाशाळांच्या मागच्या काही वर्षांच्या खर्चाच्या प्रमाणात वाटायचं ठरलंय. ज्यांचा खर्च जास्त, त्यांची गरज जास्त, असं धरून.” त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “तुमच्या वाट्याला यात एक दार बसेल. वासे नाही बसणार.”

“साहेब, आम्ही कधीच काही मागितलं नाही.”

“तेच ना. तुमची शाळा तर परत पाठवते.”

“म्हणजे आम्ही वाचवत होतो.”

“वाचवलं हे कागदावर कुठे दिसतं? कागदावर एवढंच दिसतं, की दिले आणि लागले नाहीत.”

तिला त्या टाळ्या आठवल्या. तिने सांगूनही टाकलं, सभेत उभं केलं होतं म्हणून. साहेब ओशाळवाणं हसले. “ते आधीच्या साहेबांचं. चांगली माणसं होती ती.”

ती उठली आणि पुन्हा बसली. “साहेब, मी जे पैसे परत भरत होते, ते कुठे जायचे?”

“त्याच वर्षात दुसऱ्या शाळांना. ज्यांचा जादा मागणीचा अर्ज असेल त्यांना.” त्यांनी पडद्यावर बोट खाली सरकवलं. “बहुतेक पुलापलीकडच्या शाळेला. तिथले कारकून फार तत्पर आहेत. आणि बाई, एक सांगतो. तिथे दोन खोल्या रिकाम्या आहेत, छान रंगवलेल्या. नव्या वर्षाआधी तुमचं छत झालं नाही, तर पहिलीचा वर्ग तिकडे हलवावा, असा विचार चाललाय. तिथे शिक्षिका आहेतच, म्हणजे कंत्राटी पदही वाचेल.”

ते पद म्हणजे वन्सं. साहेबांना ते ठाऊक नव्हतं. तिनेही सांगितलं नाही. पाणी न पिताच ती बाहेर पडली. बसमध्ये शेजारच्या बाईने “जरा सरका” म्हटलं तेही तिला दोनदा सांगावं लागलं. झाडूच्या खोलीतलं ते घड्याळ आपण घेऊन दिलं. तो लाल गालिचा आपण घातला. आणि वन्संच्या डोक्यावरचे वासे कुजत होते तेव्हा आपल्याला हलकं वाटत होतं.

घरी तिने फक्त नवऱ्याला सांगितलं. “अहो, वन्संना कसं सांगू?”

“ताईला सांगावं लागत नाही. तिला कळतं,” तो म्हणाला, आणि तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी शाळेत बातमी पोचली. वन्संनी त्या संध्याकाळी भाजी निवडायला घेतली नाही. दारातच उभ्या राहिल्या.

“वहिनी, मी एवढंच विचारते. रंगाची एक पेटी मागितली तर तुमचा जीव वर-खाली व्हायचा. आणि तिकडे नेऊन ओंजळीने ओतत होतात?”

“वन्सं, ते आपले नव्हते.”

“कुणाचे होते मग? शाळेसाठीच दिले होते ना? माझी पोरं शाळेतली नव्हती?”

“मला वाटलं, एकदा मागू तेव्हा…”

“तुम्हाला पुण्य हवं होतं वहिनी. मिळालं. त्याचे हप्ते माझी पोरं फेडताहेत.” वन्सं आत गेल्या. बऱ्याच वेळाने भांड्यांचा आवाज आला. त्या स्वतःपुरताच चहा करून घेत होत्या.

गालिचा तिला रस्त्यात भेटला. तो मनाचा वाईट नव्हता. ऐकलं म्हणाला, फार वाईट वाटलं म्हणाला, आणि मग आवाज खाली आणला. “बाई, वर्षअखेर व्हायचीय. तुमच्याकडे कागद, खडू, साफसफाई या खात्यांवर शिल्लक असेलच. तुम्ही आहात म्हणजे असणारच. ती सगळी काढा. कागदवाल्याकडून कागदांचं बिल घ्या आणि माल वखारवाल्याकडून उचला. वासे आणि पत्रे. दोघं एकमेकांत बघून घेतात. आम्ही असंच करतो.”

“खोटं बिल?”

“छत तर खरं ना?”

ती घरी आली, स्वयंपाक केला, वाढलं, आवरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे उभी राहिली तेव्हा रोजचे शब्द तोंडातून निघेनात. मग म्हणाली, “तू बघतोयस, मला माहीत आहे. बघ.” आणि डबा न घेताच निघाली.

बिल झालं. हेडसरांनी सही केली. “कशावर हो बाई?” त्यांनी विचारलं. “कागदांवर सर,” ती म्हणाली. एवढे दोनच शब्द. पण मान खाली घालून टेबलाकडे परतताना तिला वडिलांच्या उलट्या केलेल्या बाह्या दिसल्या.

सुतार आला. त्याने पत्रे उतरवले, जुने वासे काढून मैदानात रचले. वन्सं सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहायच्या आणि त्याला पोरांसारखं दटावायच्या, “नीट बसव हं, खालून माझं डोकं जाणारंय.” घरीही बोलायला लागल्या, थोडं थोडं. एक दिवस त्यांनी वहिनीच्या पुढ्यातली भाजी आपणहून ओढून घेतली. “द्या इकडे. तुम्ही देठंसुद्धा वाचवाल.” कुलूपबाई कितीतरी दिवसांनी हसली. पापाचं फळ इतकं गोड लागावं याचीच तिला भीती वाटली.

नवे वासे अजून टेकवायचे होते, तोवर तपासनीस बाई आल्या. काखेत पिशवी, पायात कापडी बूट, बोलणं गोड. त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. कुलूपबाईने कमरेची किल्ली काढून लावली. आत नेहमीसारखंच होतं: खडूचे तुकडे, पाठकोरे कागद, अर्धी बाटली शाई.

“एवढे कागद घेतलेत बाई. कुठे ठेवलेत?”

तिने पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

“पुलापलीकडे दरवर्षी याच्या दुप्पट कागद येतात,” तपासनीस बाई म्हणाल्या. “तिथे आम्ही जात नाही. त्यांचा आकडा दरवर्षी तेवढाच असतो, संगणक काही बोलत नाही. तुमचा आकडा एकदम उडाला. तुमच्या शाळेत इतके कागद कधी आलेच नव्हते ना.” त्यांनी खिडकीतून मैदानातल्या वाशांच्या ढिगाकडे पाहिलं. सगळं त्यांना समजलं होतं. “मला वाईट वाटतंय. पण मला लिहावं लागेल.”

हेडसरांना बोलावलं. ते चष्मा पुसत राहिले. “बाईंवर माझा पूर्ण विश्वास होता,” ते म्हणाले. “मी वाचत नाही. सही करतो.” ‘होता’ हा शब्द त्यांनी सहज वापरला.

काम त्याच दिवशी थांबलं. वखारवाल्याने न बसवलेले वासे आणि पत्रे गाडीत घालून परत नेले. जुने पत्रे उतरवताना फाटले होते, जुने वासे तर कुजलेलेच. पहिलीच्या वर्गावर आता वरून नुसतं आभाळ. आधी निदान गिलाव्याची भीती होती. आता पडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्यावर ठपका आला, वेतनवाढ थांबली, आणि कपाटाची दुसरी किल्ली कचेरीत जमा झाली. तिला कामावरून काढलं नाही. वर्षानुवर्षं पैसे परत केल्याची तेवढी दखल घेतली, असं पत्रात लिहिलं होतं.

गालिचाने सांत्वन केलं. “बाई, चुकलं माझंच. तुम्हाला लहानापासून सुरुवात करायला सांगायला हवी होती. आधी एक पंखा, मग दोन. तुम्ही एकदम छतालाच हात घातलात.”

नव्या वर्षी पहिलीची मुलं पुलापलीकडे गेली. त्यातली काही लांब पडतं म्हणून गेलीच नाहीत, घरीच राहिली. त्यांची गणती कुणी केली नाही. वन्संचा कागद नव्याने झाला नाही. चार गावं टाकून पलीकडे मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथे देखरेखीला बाई हवी होती. राहायचं तिथेच. वन्संनी होकार कळवला आणि मग घरात सांगितलं.

नवरा म्हणाला, “ताई, इथे दोन घास कमी पडलेत का तुला?”

“घास नाही रे कमी पडले,” वन्सं म्हणाल्या आणि ट्रंक भरत राहिल्या.

निघायच्या सकाळी कुलूपबाई त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात डबा होता. आत काय काय घातलंय हे सांगायचं होतं, पण ते राहिलं.

“वन्सं, तिथे काही लागलं तर मागा. काहीही. संकोच करू नका.”

वन्संनी ट्रंकेचा कडी-कोयंडा लावला. लागत नव्हता, म्हणून गुडघा टेकून दाबला. मग वहिनीकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

“वहिनी, तुम्ही वाईट नाही आहात. मी पोरांना तसंच सांगितलंय. विचारत होती ना, कुलूपबाईंनी आमचा वर्ग का तोडला म्हणून. मी म्हटलं, त्यांनी नाही तोडला. त्यांनी जपला फार.” त्यांनी हात पुढे केला. “तो डबा द्या. रस्त्यात खाईन.”

नवऱ्याने ट्रंक उचलली. दोघं जिना उतरून गेली. ती वर कठड्यापाशी उभी राहिली. कोपऱ्यावर वन्संनी नवऱ्याला काहीतरी म्हटलं, दोघंही हसली, आणि वळून गेली. काय म्हणाल्या ते इथपर्यंत ऐकू आलं नाही.

मग ती आत आली. देवापुढे हात जोडायचे राहिले होते. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागायला गेली. काय मागावं तेच तिला कळेना. शाळेची वेळ होत आली होती. तिने चपला घातल्या.